दोरीवरचे चिमटे

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण इमारतीत त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नव्हती. सगळ्यांच्या त्या बाईच. चार मजल्यांच्या त्या इमारतीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि उरलेल्यांचे आईबाप. दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांना टक्कल पडलं होतं, दोन पोरांचे बाप झाले होते, तरी जिन्यात बाई दिसल्या की हातातली सिगारेट ते मुठीत दडवत आणि चटका बसला तरी हूं की चूं करत नसत.

तर अशा बाईंनी जेव्हा ठरवलं की आपल्या इमारतीने धूर कमी करायचा, तेव्हा नाही म्हणायची कोणाची छाती होती?

धूर म्हणजे डोळ्यांना दिसणारा नव्हे. एका रविवारी सकाळी तळमजल्यावर, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत, पत्रपेट्यांसमोर सतरंजी टाकून बाईंनी मुलांना बसवलं आणि डोक्यावरचा दिवा लावला.

"धूर कुठे आहे?"

मुलांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, एकाने दुसऱ्याच्या शर्टाचा वास घेऊन पाहिला. "नाहीये, बाई."

"आहे. बटण इथे, धूर तिकडे. लांब कुठेतरी कोळसा जळतो, त्याची वीज होते आणि ती तारेतून आपल्याकडे येते. धूर तारेतून येत नाही, एवढंच. म्हणून आपण स्वतःला स्वच्छ समजतो. आणि गाडीतून शाळेत जाता, तेव्हा धूर मागे राहतो आणि तुम्ही पुढे बघत असता."

हे मुलांना इतकं पटलं की त्या दिवशी घरोघरी आईबापांना फिरून तेच ऐकावं लागलं. बटण इथे, धूर तिकडे. मोठी माणसं एकेक करून सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहायला लागली, आणि बघता बघता कामं सुरू झाली. जिन्याच्या खिडक्यांच्या फटींत रबराच्या पट्ट्या बसल्या. गच्चीला पांढरा रंग दिला गेला, कारण उन्हाळ्यात वरच्या मजल्याची भट्टी व्हायची आणि तिथले एसी दिवसरात्र घुरघुरायचे. मुलं शाळेत पायी जायला लागली. एका जाड दोराला धरून, एकामागे एक, पुढे बाई. रस्त्यातले लोक त्याला आगगाडी म्हणायचे, आणि शेवटचा मुलगा न सांगता शिट्टी वाजवायचा. विमावाल्यांच्या गाडीतून पूर्वी ते आणि त्यांची बॅग असे दोघेच कचेरीला जात. आता चौघे जाऊ लागले. बॅग मांडीवर आली.

"बाई, मांडीला मुंग्या येतात," विमावाले म्हणाले.

"येऊ देत. साखर कमी खा," बाई म्हणाल्या.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबायला हवं होतं, असं नंतर बाईंच्या मनात कितीदा तरी आलं. पण काम चांगलं चाललं असलं की माणसाला ते आणखी चांगलं करायची घाई होते.

बाईंच्या वर्गात एक युक्ती असायची. भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक दोरी टांगलेली, आणि दोरीवर प्रत्येक मुलाच्या नावाचा लाकडी चिमटा, कपडे वाळत घालायचा असतो तसा. पाढा पाठ झाला, चिमटा वीतभर वर. गृहपाठ विसरला, खाली. मुलं त्या चिमट्यांवर जीव टाकायची. शाळेत ही युक्ती कधी फसली नव्हती, निदान बाईंना तसं वाटत होतं. ज्यांचे चिमटे वर्षभर तळाशीच असत, त्यांना काय वाटतं हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं. ती मुलं फारशी बोलत नसत.

तीच दोरी बाईंनी आता इमारतीत टांगली. प्रत्येक घराचा एक चिमटा. दर रविवारी मुलं जिन्याखालच्या मीटरवरचे आकडे वाचणार, मागच्या आठवड्याचा आकडा वजा करणार, आणि ज्याला वीज कमी लागली त्याचा चिमटा वर, जास्त लागली त्याचा खाली. एकट्याने गाडी काढली, चिमटा खाली. मुलांना वजाबाकीची इतकी गोडी लागली की वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमचा नातू आता भाजीवाल्याला सुट्टे पैसे मोजायला लावतो. भाजीवाला पळ काढतो."

मोठ्यांमध्येही चुरस लागली. कोणी गिझर लवकर बंद करू लागलं, कोणी पंखा. कोणाचा चिमटा खाली आला की बाकीचे जाता-येता त्याला टोमणा मारत, आणि विमावाल्यांनी त्यावर कोटी करून ठेवली होती, "बाईंनी प्रत्येकाला एक चिमटा दिलाय आणि काढायला सगळे मोकळे."

दोरी जिथे टांगली होती ती भिंत शिवणकाकूंच्या घराची. जिन्याला लागून त्यांचं दार, आणि दाराशेजारी ती भिंत. जागा सोयीची होती, उजेड चांगला होता, सगळे तिथूनच ये-जा करत. भिंतीच्या पलीकडे कोण असतं याचा विचार कोणी केला नाही, कारण पलीकडे कोण असतं ते सगळ्यांना माहीत होतं. शिवणकाकू. एकट्या. त्यांचा नवरा भावाकडे गेला होता, बरेच महिने झाले, जमिनीचं काहीतरी काम होतं म्हणे.

त्या नवऱ्याला सगळे पैलवान म्हणत. कुस्ती ते कधी खेळले नव्हते. बसच्या डेपोत इंजिनं उतरवायची आणि चढवायची हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पण इमारतीतलं एकही कपाट असं नव्हतं जे त्यांच्या पाठीवरून वर गेलं नव्हतं. विमावाल्यांचा फ्रीज त्यांनी एकट्याने दोन मजले चढवला होता. बाईंच्या सासूबाई शेवटच्या आजारात जिना उतरू शकत नव्हत्या, तेव्हा पैलवानांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं होतं, आणि वाटेत म्हणाले होते, "आजी, तुमच्यापेक्षा तुमची खुर्ची जड आहे." सासूबाई त्या दुखण्यातही हसल्या होत्या.

तर शिवणकाकू एकट्या. कपडे शिवायचं काम घरूनच करायच्या. त्यांच्या दारामागून दिवसभर मशीनची घरघर ऐकू यायची, आणि लोक म्हणायचे, काकूंना काम फार. पण चिमटे लागल्यावर एक वेगळीच गोष्ट समोर आली. पहिल्या रविवारी काकूंचा चिमटा सगळ्यात खाली. दुसऱ्या रविवारीही तळाला. पाच माणसांच्या घरापेक्षा एकट्या काकूंच्या घरात वीज जास्त.

"शिवणाचं मशीन एवढं खातं?" कोणीतरी विचारलं.

"हत्ती शिवत असतील," विमावाले म्हणाले.

मग मुलं बातम्या आणायला लागली. काकूंच्या मागच्या दाराशी दुपारी टॅक्सी उभी होती, बाई. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून. किती तरी वेळ. बाईंनी शाबासकी दिली आणि काकूंचा चिमटा आणखी वीतभर खाली आणला. आता तो जमिनीला टेकायच्या बेतात होता. मुलांना आपण चुगल्या करायला शिकवतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, निरीक्षण शिकवतोय.

त्याच रविवारी काकू पिशवी घेऊन बाहेर निघाल्या, आणि सतरंजीभोवती सगळी इमारत जमलेली. दार जेमतेम अंगापुरतं उघडून त्या बाहेर आल्या आणि लगेच मागे ओढून घेतलं. बाई त्या दिवशी रंगात होत्या. मुलं हसत होती, मोठे हसत होते, आणि हसणारा वर्ग समोर असला की बाईंच्या जिभेला धार येत असे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"काय हो काकू, एकटीला एवढी वीज? आत कोणाला लपवून ठेवलंय की काय?"

इमारत हसली. वरच्या मजल्यावरच्या आजी तर डोळे पुसायला लागल्या. काकूही हसल्या. "मोठी ऑर्डर आहे, बाई," म्हणाल्या आणि पिशवी छातीशी धरून निघून गेल्या.

पुढच्या रविवारी चमत्कार झाला. मुलांनी काकूंच्या मीटरवरचा आकडा वाचला, वजाबाकी केली, आणि पुन्हा केली. वीज निम्म्याच्याही खाली आली होती. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी खाली. चिमटा चढत चढत थेट दोरीच्या टोकाला गेला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, काकूंच्या बंद दारासमोर, जोरात, आतपर्यंत ऐकू जातील अशा.

"बघितलंत?" त्या मुलांना म्हणाल्या. "मनात आणलं की माणूस काय करू शकतो."

वर्गात जो पहिला येई, त्याला बाई फळ्याजवळ उभं करून विचारत, तू अभ्यास कसा केलास ते बाकीच्यांना सांग. ही त्यांची जुनी रीत. म्हणून सोमवारी दुपारी, मुलं शाळेत असताना, त्या काकूंकडे गेल्या. रविवारी येऊन चार शब्द बोला, वीज कशी वाचवली ते सांगा, एवढंच म्हणायचं होतं.

दारामागून घरघर येत नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांना वाटलं, ऑर्डर संपली असेल.

काकूंनी दार बोटभर उघडलं. "बाई, मी जरा कामात आहे."

"मला किती वेळ लागणार? घोटभर पाणी द्या आणि ऐका," असं म्हणत बाई आत शिरल्या. इमारतीतलं कोणतंही दार त्यांना उघडंच, असं त्या धरून चालत.

खिडकीचे पडदे ओढलेले होते. खिडकीशी खुर्चीत एक माणूस बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे झुकून, जसं धावून आल्यावर माणूस बसतो. बाईंना आधी वाटलं, काकूंचे वडील आले असतील. मग त्या माणसाने मान वर केली. ओठ निळसर पडले होते, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक श्वासाबरोबर खळगे पडत होते.

"या, बाई," पैलवान म्हणाले. दोन शब्द बोलून त्यांना थांबावं लागलं.

त्यांच्या पायाशी पेटीएवढं एक यंत्र होतं. त्यावर काकूंनी फुलाफुलांच्या कापडाचं झाकण शिवून घातलं होतं, कडेला झालर लावून, कोणी पाहिलंच तर स्टूल वाटावं असं. त्यातून एक लांब पारदर्शक नळी निघून खुर्चीच्या हातावर गुंडाळून ठेवली होती. यंत्र बंद होतं.

"हवेतला प्राणवायू वेगळा काढून देतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता, दुकानात भाव सांगावा तसा. "फुप्फुसं गेली ह्यांची. डॉक्टरांनी सांगितलंय, शक्य तेवढा वेळ लावून ठेवायचं. टॅक्सीने दवाखान्यातच नेते. टॅक्सीत बसल्यावर जरा दम खावा लागतो, मग ड्रायव्हरला सांगते, एसी चालू ठेव."

"मग बंद का आहे?" बाईंनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर कळलं होतं. वर्गात असं होतं कधीकधी. प्रश्न तोंडातून निघत असतानाच समजतं, हा विचारायला नको होता.

पैलवान बोलले, थांबत थांबत, पण तक्रार केल्यासारखे नाही.

"मला इथे सगळं ऐकू येतं, बाई. दोरी आमच्याच भिंतीला आहे ना. तुमचं ते बटण इथे, धूर तिकडे... आवडलं मला. आयुष्यभर डेपोत धूर खाल्लाय. पोरांना खरं सांगताय तुम्ही." ते थांबले. "तुमचा तो विनोदही चांगला होता. कोणाला लपवलंय म्हणून. मीही हसलो. हसलं की मला खोकला येतो. मग उशी धरली तोंडावर, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. त्या स्टुलावर बसायला गेल्या आणि ते स्टूल नाही, यंत्र आहे, हे आठवून उभ्याच राहिल्या.

"मी नको म्हटलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू दे चिमटा खाली. चिमट्याने काय होतंय? मी बाहेर गेले की हे बंद करून ठेवतात. मी आले की लावते, मी वळले की पुन्हा बंद. काल टाळ्या वाजल्यापासून तर हातच लावू देईनात."

"हिला घालून पाडून बोलतात, बाई," पैलवान म्हणाले. "मला नाही. मी तर इथे नाहीच आहे."

बाईंनी खाली वाकून ते झाकण बाजूला केलं. बटण कुठलं ते त्यांना कळेना. काकूंनी पुढे होऊन ते दाबलं. तीच घरघर सुरू झाली, जी इतके महिने सगळे शिवणाची समजत होते. काकूंनी नळी नवऱ्याच्या नाकाशी लावली, कानांमागून ओढून घेतली. तिघंही तो आवाज ऐकत राहिले. हळूहळू ओठांचा रंग पालटला.

"आजपासून दोरी नाही," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते."

"काय सांगाल?" पैलवानांनी विचारलं. आता त्यांना सलग बोलता येत होतं. "माझ्याबद्दल ब्र काढायचा नाही. लोकांनी मला पाठीवर कपाट घेतलेलं पाहिलंय. नाकात नळी घातलेला नको पाहायला. शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. द्यायला दुसरं होतंच काय त्यांच्याजवळ?

रविवारपर्यंत त्यांनी मनात एक वाक्य तयार केलं. मी वजाबाकी शिकवताना चुकले, सगळे आकडे चुकले, आता चिमटे नकोत. यापुढे पूर्ण इमारतीचा एकच आकडा काढू, सगळ्यांचा मिळून. वाक्य खोटं होतं, पण त्यात कोणाचं नुकसान नव्हतं. झालंच तर त्यांचं एकटीचं. त्यांनी ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं. आरशासमोर ते सहज जमलं.

रविवारी मुलं जमली तेव्हा बाई स्टुलावर चढून चिमटे काढत होत्या. एकेक चिमटा डब्यात पडत होता, टक, टक.

"बाई, का काढताय?" मुलांनी विचारलं. "आमचं काही चुकलं?"

"तुमचं नाही चुकलं."

"मग?"

मोठेही जमले होते. विमावाल्यांचा चिमटा गेल्या आठवड्यात दुसरा आला होता, आणि त्यांना तो या वेळी पहिला यायची आशा होती. "हे काय हो बाई, ऐन सामना रंगात आला आणि तुम्ही जाळीच काढून नेताय? पहिला नंबर लबाड निघाला वाटतं."

कोणी हसलं. हसणं लहानसंच होतं, पण त्याने वाट मोकळी करून दिली.

"मलाही तेच वाटलं," वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "एकदम निम्म्यावर कशी येते वीज?"

"चुंबक लावतात म्हणे मीटरला," आणखी कोणी म्हणालं. "आकडा फिरतच नाही."

"पण मशीनची घरघर तर पुन्हा सुरू झालीय. म्हणजे वीज जळतेय आणि मीटर..."

शिवणकाकू आपल्या दारात उभ्या होत्या. त्या बाईंकडे बघत होत्या. रागाने नाही, आशेनेही नाही. नुसत्या बघत होत्या, जसं ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्याकडे बघतात.

बाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. एवढ्यात सतरंजीवरची एक मुलगी ठामपणे म्हणाली, "आमची वजाबाकी बरोबर होती. बाईंनी शिकवलेली वजाबाकी कधीच चुकत नाही."

सगळी मुलं बाईंकडे बघायला लागली. इतकी वर्षं बाई ज्यासाठी जगल्या होत्या, ती नजर. त्या नजरेसमोर 'मी चुकले' हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडेनात. त्या हातात चिमटा धरून स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. फार वेळ नाही. एखाद्याने खोकून घसा साफ करावा, तेवढाच वेळ. पण तेवढ्यात विमावाले काकूंना म्हणाले, "काकू, खरं सांगा, चुंबक कुठून आणलंत? आम्हालाही एक द्या," आणि काकूंचा चेहरा पांढरा पडला.

काकूंच्या मागे दार सताड उघडलं.

पैलवान उंबऱ्यापर्यंत आले. नळी तिथवरच पुरत होती. एक हात चौकटीवर, दुसऱ्याने विजारीची कंबर धरलेली, कारण विजार आता ढगळ होत होती. नाकातली नळी कानांवरून मागे, आणि मागे खोलीत फुलाफुलांच्या झाकणाखालून घरघर.

"चुंबक नाही रे बाबा," ते विमावाल्यांना म्हणाले. "हे आहे. मधे थोडे दिवस लावलं नव्हतं, म्हणून आकडा खाली गेला. आता लावतोय. आता बघ, कसा वर जातो."

विमावाल्यांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि हात आपोआप मुठीत वळले होते, जसे जिन्यात वळत. वरच्या मजल्यावरच्या आजींनी नजर पत्रपेट्यांकडे वळवली आणि आपल्याच पेटीवरचा नंबर वाचत बसल्या.

मुलांना मात्र लाजायचं कशाला हे माहीत नव्हतं. ती सतरंजीवरून उठून दाराशी गेली.

"पैलवानकाका, तुम्ही भावाकडे होतात ना?"

"आलो परत."

"हे काय आहे? दुखतं?"

"नाही दुखत. हवा गाळून देतं. तू चहा गाळतोस ना, तसं. चांगली हवा इकडे, बाकीची तिकडे."

"त्याला वीज किती लागते?"

"बरीच. तुम्हीच तर मोजत होतात."

मनातल्या मनात मुलांनी मागचे आकडे लावून पाहिले असावेत. मग ती वजाबाकीवाली मुलगी म्हणाली, "पण मग मधे बंद का केलं होतं?"

पैलवानांनी एकदाच बाईंकडे पाहिलं. बाई अजून स्टुलावरच होत्या, सगळ्यांपेक्षा उंच.

"तापलं होतं," ते लगेच म्हणाले. जराही न अडखळता, जराही न थांबता. "यंत्रालाही विश्रांती लागते. बसची इंजिनं बघितलीत ना? घाटात थांबवून पाणी घालावं लागतं. तसंच."

मुलांना ते पटलं. त्यांनी माना डोलावल्या. मोठ्यांना पटलं नाही, पण त्यांनीही मान डोलावली. सुटका कोणाला नको असते?

बाईंनाही ती सुटका समोर दिसत होती. ज्या माणसाचं त्यांनी नाव झाकायला हवं होतं, तो नाकात नळी घेऊन सगळ्यांसमोर उभा होता आणि त्यांचं नाव झाकत होता. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं त्यांना आत्ताच किती छान जमलं होतं.

त्या स्टुलावरून खाली उतरल्या. उतरताना कोणाचा तरी हात पुढे आला, तो त्यांनी घेतला नाही.

"तापलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"बाई, राहू द्या," पैलवान म्हणाले.

"नाही. मुलांनी विचारलंय." त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "यंत्र माझ्यामुळे बंद झालं. ह्यांच्या घरात वीज जास्त का लागते ते मी विचारलं नाही. चिमटा खाली लावला आणि सगळ्यांना हसवलं. मग काकांनी श्वास बंद ठेवून वीज वाचवली, तर मी टाळ्या वाजवल्या. तुम्हालाही वाजवायला लावल्या. आणि आत्ता काकूंवर आळ आला तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी बोलले असते तर काकांना बाहेर यावं लागलं नसतं. मी बोलले नाही, कारण तुमच्यासमोर चुकले म्हणायची मला लाज वाटली."

मुलं बघत राहिली. चुकलेल्या मुलाकडे कसं बघायचं हे बाईंनी त्यांना आपल्या वागण्याने शिकवलं होतं, पण बाईंकडे तसं बघायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे ती नुसतीच बघत राहिली, आणि बाईंना ते फार जड गेलं.

"मग आता धूर कमी करायचा नाही का?" शेवटी एकाने हळूच विचारलं.

"करायचा. पण कोणाचा दम कोंडून नाही. तो कसा करायचा, ते मला पुन्हा शिकावं लागेल."

"कोणाकडून?"

बाई काकूंकडे वळल्या. माफी मागायची होती, पण इतक्या लोकांसमोर मागितलेली माफीही काकूंनाच उचलून घ्यावी लागली असती, आणि काकूंच्या हातात आधीच नवऱ्याचा दंड होता.

"ते नंतर बघा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज तसाच सपाट होता. "आधी दारातली गर्दी हटवा. वारा अडतोय, आणि ह्यांना उभं राहवत नाही."

सगळे मागे सरले. विमावाले, आजी, मुलं, एकमेकांच्या पायांवर पाय देत. बाईही सरल्या.